घटिकार कुंभाराचा आनंद : गृहस्थाची सद्धा आणि लेण्यांतील दानलेख

बुद्धधम्म हा दुःखाचा धम्म आहे, संसारी माणसाच्या आनंदाला त्यात स्थान नाही, हा आक्षेप जुना आहे. पाश्चात्य विद्वानांपैकी काहींनी तो पुस्तकी वाचनातून घेतला, आपल्याकडील धर्मपंडितांनी तो सोयीने उचलला, आणि आता तो कधी कधी आपल्याच घरांतूनही ऐकू येतो. परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी या आक्षेपाचे गांभीर्य ओळखले होते. १९५७ साली, त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर प्रसिद्ध झालेल्या ‘भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाच्या प्रास्ताविकातच त्यांनी चार आर्यसत्यांविषयी रोखठोक प्रश्न उभा केला. जन्म दुःख, जरा दुःख, मरण दुःख आणि पुनर्जन्मही दुःख असेल तर माणसाला आशा कोठे उरते, आणि ही शिकवण मुळातलीच आहे की नंतरची भर आहे, हे तपासले पाहिजे असे त्यांचे म्हणणे होते. पालिच्या अभ्यासकाला हा प्रश्न टाळून पुढे जाता येत नाही. प्रस्तुत लेखात त्या प्रश्नाच्या एकाच बाजूचा विचार केला आहे: प्राचीन काळचा कष्टकरी गृहस्थ, त्याची सद्धा आणि त्याच्या रोजच्या जगण्यातला आनंद यांविषयी ग्रंथ आणि शिलालेख काय सांगतात?

प्रथम शब्दांकडे पाहू. आनंदाच्या छटांसाठी पालीत जितके शब्द आहेत तितके क्वचितच एखाद्या भाषेत असतील. पामोज्ज, पीति, सोमनस्स, सुख, पसाद, मुदिता, हास, नंदि. यांपैकी नंदि ही तृष्णेची सोबतीण म्हणून त्याज्य ठरते. बाकीच्यांचा ग्रंथांत गौरवच आढळतो. पामोज्ज म्हणजे संस्कृतातील प्रामोद्य, मनाला आलेली पहिली टवटवी. पीति ही त्याहून उत्कट, शरीरभर भिनणारी. संयुत्तनिकायाच्या निदानसंयुत्तात उपनिसासुत्त नावाचे एक छोटे सुत्त आहे. द्वादशनिदानांची नेहमीची साखळी त्यात जरामरणाऐवजी दुःखापाशी येऊन थांबते, आणि मग तेथेच न संपता पुढे चालू लागते. दुःखाच्या आधाराने सद्धा, सद्धेच्या आधाराने पामोज्ज, त्यातून पीति, पीतितून पस्सद्धि, मग सुख, समाधि, यथाभूत ज्ञानदर्शन, आणि अखेरीस विमुक्ती व आसवक्षयाचे ज्ञान. डोंगरावर पडलेल्या पावसाने आधी घळी भरतात, मग डबकी, मग तलाव, नद्या आणि शेवटी समुद्र भरतो, असा दृष्टान्त तेथे दिला आहे.

या सुत्ताकडे आपल्याकडे फारसे लक्ष गेलेले नाही याचे मला नवल वाटते. दुःख हे येथे अखेरचे विधान नाही, ते सद्धेचे निमित्त आहे. आणि सद्धेला पहिले फळ येते ते आनंदाचे. ध्यानसमाधीच्याही आधी आनंद आहे. तो मोक्षाच्या टोकाशी ठेवलेला नाही, उंबरठ्यावर ठेवलेला आहे.

‘सद्धा’ हा शब्द उच्चारताच आपल्या सुशिक्षित उपासकांच्या कपाळाला आठी पडते, आणि तिला कारण आहे. श्रद्धेच्या नावाखाली आपल्या पिढ्यान्‌पिढ्यांची जी लूट झाली ती विसरण्याजोगी नाही. पण पालीत सद्धेचे दोन प्रकार स्पष्ट केलेले आहेत. मज्झिमनिकायाच्या चंकिसुत्तात ब्राह्मणांची वेदमंत्रांवरील निष्ठा तपासून ती ‘अमूलिका’, म्हणजे बिनमुळाची सद्धा ठरविली आहे. परंपरेतील एकाही पुरुषाने ते सत्य स्वतः पाहिलेले नाही, आंधळ्यांची रांग एकमेकांना धरून चालावी तसा तो प्रकार आहे. उलट वीमंसकसुत्तात स्वतः तथागतांचीच पारख करण्याची मुभा श्रावकाला दिली आहे, आणि अशा पारखीनंतर जी उपजते तिला ‘आकारवती’, म्हणजे कारणासहित असलेली, दर्शनावर आधारलेली सद्धा म्हटले आहे. या दुसऱ्या अर्थी सद्धा म्हणजे तपासून ठेवलेला विश्वास. पुढील विवेचनात हाच अर्थ अभिप्रेत आहे.

आता घटिकाराकडे वळू. मज्झिमनिकायातील ८१ वे सुत्त त्याच्या नावाचे आहे. कथा पूर्वीच्या कस्सप बुद्धांच्या काळातली म्हणून सांगितलेली असल्याने तिला इतिहास म्हणता येणार नाही. पण ती ज्या समाजात सांगितली गेली त्या समाजाचा इतिहास तिच्यात आहे. घटिकार हा वेभलिंग नावाच्या पेठेच्या गावचा कुंभार. आईबाप म्हातारे आणि आंधळे, त्यांना सांभाळायचे म्हणून तो प्रव्रज्या घेत नाही. त्याचा मित्र जोतिपाल हा ब्राह्मणपुत्र. तो आधी मुंडक्या श्रमणाला भेटून काय मिळणार म्हणून उडवाउडवी करतो, आणि कुंभार त्याला चक्क केसांना धरून भेटीला नेतो. पुढे जोतिपाल भिक्खू होतो. घटिकार मात्र चाकापाशीच राहतो. तो आपल्या हाताने जमीन खणत नाही. दरड कोसळून पडलेली किंवा उंदरांनी उकरलेली माती आणतो, भांडी घडवतो आणि मांडून ठेवतो. ज्याला हवे त्याने तांदूळ, मूग, चणे ठेवावेत आणि भांडे न्यावे. मोल ठरवायला तो बसत नाही.

एकदा कस्सप बुद्ध भिक्षेसाठी त्याच्या घरी जातात तेव्हा तो बाहेर गेलेला असतो. आंधळे आईबाप सांगतात, हांडीतला भात घ्या, भांड्यातले कालवण घ्या आणि जेवा. बुद्ध तसे करतात आणि निघून जातात. घटिकार परत आल्यावर त्याला हे कळते. ‘माझ्यावर त्यांचा एवढा विश्वास!’ या विचाराने त्याला जो आनंद होतो तो पंधरा दिवस त्याला सोडत नाही, आणि त्याच्या आईबापांना सात दिवस सोडत नाही. पुढे पावसात बुद्धांची कुटी गळू लागते. घटिकाराकडे गवत आहे का पाहून या, असे ते भिक्खूंना सांगतात. भिक्खू परत येऊन सांगतात की गवत नाही, पण त्याच्या कामाच्या छपरावर शाकारलेले आहे. तेच काढून आणा, असे उत्तर मिळते. छप्पर कोण उतरवते आहे असे म्हातारी माणसे विचारतात आणि कारण कळताच म्हणतात, न्या, खुशाल न्या. घरधनी पुन्हा बाहेरच असतो. परत आल्यावर पुन्हा तोच विचार, पुन्हा पंधरा दिवसांची पीति. तीन महिने ते घर उघड्या आभाळाखाली राहिले आणि आत पाऊस पडला नाही, असेही सुत्तकार सांगतो. तो भाग श्रोत्यांच्या कौतुकासाठी आहे हे उघड आहे, त्यावर वाद घालण्याचे कारण नाही.

हे सारे काशीचा राजा किकी याला ऐकविले जाते. त्याने वर्षावासाचे निमंत्रण दिले होते आणि ते नाकारले गेल्याने तो खट्टू झाला होता. प्रभावित होऊन राजा घटिकाराकडे पाचशे गाड्या तांदूळ पाठवतो. कुंभार ते परत करतो. राजाला पुष्कळ कामे, पुष्कळ खर्च. मला माझे पुरे आहे.

या कथेत आनंदाचे कारण काय आहे ते नीट पाहावे. दान केल्याचे समाधान एवढेच ते असते तर कथा सामान्य ठरली असती. घटिकार आनंदला तो आपल्या गैरहजेरीत आपल्या घरात कोणी हक्काने शिरले, आपल्या हांडीतले अन्न खाल्ले, आपले छप्पर आपले समजून नेले म्हणून. सद्धा त्याने ठेवली होती. विश्वासाच्या रूपाने ती त्याच्याकडे परत आली. ज्यांच्या हातचे पाणी चालत नव्हते, ज्यांची सावली चुकवली जात होती आणि २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्याचे ओंजळभर पाणी पिण्यासाठी ज्यांना सत्याग्रह करावा लागला, त्या समाजातील वाचकाला या हांडीचा अर्थ वेगळा समजावून सांगावा लागणार नाही.

कुंभार येथे योगायोगाने आलेला नाही. विनयपिटकाच्या सुत्तविभंगात, दुसऱ्या पाचित्तियाच्या स्पष्टीकरणात, लोक ज्यांना हीन समजत त्या शिल्पांची यादी आहे: बुरुडकाम, कुंभारकाम, विणकाम, चांभारकाम आणि न्हाव्याचे काम. हीन मानल्या गेलेल्या जातींत चंडाल, वेण, नेसाद, रथकार, पुक्कुस यांची नावे आहेत. उच्च शिल्पे कोणती, तर मोजणी, हिशेब आणि लेखन. म्हणजे आजच्या भाषेत कचेरीतली कामे! हे वर्गीकरण संघाने केलेले नव्हे. निरनिराळ्या जनपदांत जे तुच्छ लेखले जाते ते, अशी तेथेच पुस्ती आहे, आणि मूळ नियम असा की जातीवरून, गोत्रावरून, कामावरून वा शिल्पावरून कोणाला हिणविणे हा भिक्खूचा अपराध होय. कोणाला काय म्हणून हिणविले जाते, हे नियम करण्यासाठी नोंदवावे लागले आणि त्यामुळे ते आपल्याला कळले.

एवढे मनाशी ठेवून आपल्या सह्याद्रीतील लेणी पाहावीत. भाजे, कार्ले, जुन्नर, नाशिक, कान्हेरी, कुडा येथील ब्राह्मी लेख इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या शतकापासून पुढील चारपाच शतकांचे आहेत. त्यांत राजे आहेत, अमात्य आहेत, धनाढ्य श्रेष्ठी आहेत, यवन आहेत. कुडा येथे एका ब्राह्मण उपासकाची पत्नीही चैत्यगृहाची दाती आहे. पण त्यांच्याच शेजारी, त्याच दगडात, इतर नावेही कोरलेली आहेत. कार्ल्याच्या चैत्यगृहाचे दार धेनुकाकटच्या सामी नावाच्या सुताराने केले आणि तेथीलच सिंहदत्त या गंध्याने दाराचे दान दिले, असे लेख आहेत. कान्हेरीला पाण्याची पोढी देणारा सामिदत्त हा कल्याणचा सोनार आहे, आणि कल्याणचाच नाद नावाचा लोहारही तेथील दात्यांत आहे. कुड्याला लेणे देणाऱ्यांत एक माळी आणि कऱ्हाडचा एक लोखंडाचा व्यापारी आहे. भाजे येथील एका लेखात दान देणारी स्त्री स्वतःची ओळख नांगरट्याची बायको अशी देते. ‘हालिकजाया’ एवढाच तो शब्द. कार्ल्याला आज जी गर्दी चढते ती बहुतांशी चैत्यासमोरच्या एकवीरेच्या देवळासाठी. दारावरचा सुतार वाचायला फार थोडे थांबतात.

जुन्नरचा पुरावा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. तेथील एका लेखात धान्य विकणाऱ्यांच्या श्रेणीने सात खोल्यांचे लेणे आणि पोढी दिल्याची नोंद आहे. दुसऱ्या लेखात वंसकार, म्हणजे बांबूकाम करणारे, आणि कासकार, म्हणजे कांसार, यांच्या श्रेणींकडे ठेव ठेवून तिचे ठराविक उत्पन्न संघाला मिळावे अशी व्यवस्था आहे. नाशिकला उषवदाताने ३००० कहापणांची अक्षयनीवी ठेवली ती गोवर्धनच्या विणकरांच्या दोन श्रेणींकडे: २००० दरमहा शेकडा एक या व्याजाने आणि १००० शेकडा पाऊण या व्याजाने. पहिल्या रकमेच्या व्याजातून वर्षावासातील वीस भिक्खूंना चीवरासाठी प्रत्येकी बारा कहापण द्यायचे होते. हिशेब करून पाहावा. दोन हजारांचे वर्षाचे व्याज २४० होते आणि वीस बारे २४०. उषवदात हा नहपानाचा जावई, ब्राह्मणांनाही लाखो गाई दिल्याची प्रौढी मिरविणारा. त्याच्या औदार्याचे मला अप्रूप नाही. लक्षात घ्यायचे ते पैसे कोणाकडे ठेवले हे. पुढे तिसऱ्या शतकात आभीर राजा ईश्वरसेनाच्या नवव्या वर्षी विष्णुदत्ता नावाच्या उपासिकेने आजारी भिक्खूंच्या औषधासाठी नाशिकच्याच श्रेणींकडे ठेवी ठेवल्या. त्यांत तेलघाणीवाले आहेत, जलयंत्रे करणारे आहेत, आणि ‘कुलरिक’ आहेत, ज्यांना बहुतेक अभ्यासक कुंभार मानतात. दानाचा हेतू तिने सर्व सत्त्वांच्या हितसुखासाठी असा लिहविला आहे.

म्हणजे विनयाच्या यादीतील बुरूड, विणकर आणि कुंभार हे तिन्ही आपल्या लेण्यांत संघाच्या पैशाचे विश्वस्त म्हणून उभे आहेत. ज्यांना लोक हिणवत, त्यांच्या हाती पिढ्यान्‌पिढ्या चालावयाची ठेव सोपविली गेली. घटिकाराच्या हांडीत हात घालणे आणि वंसकारांच्या श्रेणीकडे नीवी ठेवणे ही माझ्या दृष्टीने एकाच विश्वासाची दोन रूपे आहेत. एक कथेतले, दुसरे व्यवहारातले.

येथे एक शंका रास्त आहे. दानलेखांत आनंद कोठे आहे? नाव, गाव, धंदा, दिलेली वस्तू, क्वचित हेतू. याखेरीज लेख काही बोलत नाहीत. दामोदर धर्मानंद कोसंबी यांनी ही लेणी घाटांतील व्यापारी मार्गांशी कशी निगडित आहेत ते साधार दाखविले आहे, आणि प्रतिष्ठेसाठी वा व्यापाराच्या सोयीसाठीही दाने दिली जात असतील हे नाकारता येत नाही. परंतु व्यापारी मार्ग पैसा कोठून आला ते सांगतो; नांगरट्याच्या बायकोने तो येथे का दिला ते सांगत नाही. त्यासाठी ग्रंथांकडेच वळावे लागते. अंगुत्तरनिकायाच्या छक्कनिपातात वेळुकंडकी नंदमाता या उपासिकेच्या दानाच्या निमित्ताने दात्याची तीन अंगे सांगितली आहेत: देण्यापूर्वी मन प्रसन्न, देताना चित्त निर्मळ, दिल्यानंतर समाधान. दानाची किंमत तेथे वस्तूवर ठरविलेली नाही, या तीन क्षणांतील मनावर ठरविली आहे. लेखात ‘दानं’ हा एक शब्द कोरविणाऱ्याने असा उपदेश भाणकांच्या तोंडून ऐकला असणे अगदी शक्य आहे. सोपाऱ्याचा एक भाणक कार्ल्याच्या स्तंभाचा दाता म्हणून आपल्याला ठाऊकच आहे.

दुसरी शंका अधिक अवघड आहे आणि ती आपल्याच समाजातून येते. धंद्याचे नाव अभिमानाने कोरणे म्हणजे जातीचा व्यवसाय गोंजारणे नव्हे काय? ज्या बाबासाहेबांनी १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात वतनाच्या १८७४ च्या कायद्यात दुरुस्ती सुचविणारे विधेयक आणले, महारकी सोडा म्हणून गावोगाव सांगितले, त्यांच्या अनुयायांनी हे कौतुक कसे करावे?

याचे उत्तर अंगुत्तरनिकायाच्या चतुक्कनिपातातील अनणसुत्तात सापडते. अनाथपिंडिकाला तेथे गृहस्थाची चार सुखे सांगितली आहेत. पहिले अत्थिसुख, म्हणजे स्वतःच्या उद्योगाने, बाहुबळाने, घाम गाळून, धम्माने मिळविलेले धन आपल्यापाशी असल्याचे सुख. दुसरे भोगसुख, ते उपभोगण्याचे आणि त्यातून पुण्यकर्म करण्याचे. तिसरे अनणसुख, कोणाचे थोडे वा फार देणे नसल्याचे. चौथे अनवज्जसुख, काया-वाचा-मनाने निर्दोष असल्याचे. पहिली तिन्ही मिळून या चौथ्याच्या सोळाव्या हिश्श्यालाही पुरत नाहीत. महारकीत यांपैकी पहिलेच सुख अशक्य होते. काम निवडता येत नसे, नाकारता येत नसे, आणि मोबदला मजुरी म्हणून न मिळता बलुते म्हणून, दारोदार भाकरी मागून मिळे. घाम आपला, पण धन आपले नाही. १९५८ च्या कायद्याने कनिष्ठ ग्रामवतने रद्द झाली तेव्हा कोठे त्या व्यवस्थेला कायद्याने पूर्णविराम मिळाला. जुन्नरची श्रेणी ही याच्या नेमकी उलट वस्तू आहे. ती ठेव स्वीकारते, व्याज देते, करार पाळते. तिचे नाव दगडात आहे ते तिच्या शब्दाला पत होती म्हणून.

१५ ऑक्टोबर १९५६ रोजी, दीक्षेच्या दुसऱ्या दिवशी नागपूरला केलेल्या भाषणात बाबासाहेबांनी उत्साहाचा प्रश्न काढला होता. माणसाला उत्साह मनातून येतो आणि जुन्या धर्माने आमच्या माणसांचा तोच मारला, अशा आशयाचे ते विवेचन आहे. पालीचा अभ्यासक ते वाचतो तेव्हा त्याला उपनिसासुत्त आठवल्याशिवाय राहत नाही. दुःख होतेच, त्यातून तपासून स्वीकारलेली सद्धा आली, आणि त्या दोन दिवसांत नागपूरच्या रस्त्यांवर जे दिसले त्याला पामोज्ज याखेरीज दुसरा शब्द मला सुचत नाही.

पुढचे टप्पे मात्र आपोआप येत नाहीत, ते घरात आणि कामाच्या जागी घडावे लागतात. दीघजाणु या कोलियाला सांगितलेल्या गोष्टी पाहा: कामात कौशल्य, मिळविलेल्याची राखण, चांगली संगत, जमाखर्चाचा तोल, आणि यांच्याच रांगेत, त्यांच्यापासून न तोडता, सद्धा, सील, चाग, पञ्ञा. दीघजाणु स्वतःविषयी म्हणतो, आम्ही मुलाबाळांच्या गराड्यात राहणारी, चंदन लावणारी, सोनेनाणे बाळगणारी माणसे. त्याला अरण्यात जायला सांगितलेले नाही. वाढ सांगितली आहे ती त्याच्या हिशेबाच्या वहीपासून.

आपल्या विहारांच्या भिंतींवर आता संगमरवरी दानफलक दिसतात. त्यांवर नाव असते, पदवी असते, हुद्दा असतो आणि रक्कम असते. रक्कम लिहिण्याची चाल कार्ल्याच्या सुताराला ठाऊक नव्हती. हुद्द्याच्या आधीच्या पिढीचा धंदा, आईचा गिरणीतला वा शेतातला घाम, हे मात्र त्या फलकांवर मी अद्याप वाचलेले नाही.

शेवटी महाराष्ट्राबाहेरचा एक लेख, कारण विनयाच्या यादीतील चांभार वर राहून गेला. आंध्रातील अमरावतीच्या महास्तूपाला पूर्णघट कोरलेली एक शिळा दान दिलेली आहे. दाता विधिक, स्वतःला तो चम्मकार म्हणवितो. बाप नाग, आणि त्याच्या नावापुढे उपाध्याय अशी उपाधी. दानात सहभागी कोण, तर विधिकाची आई, बायको, भाऊ, नाग नावाचा मुलगा, मुली, नातलग आणि मित्र. नातवाला आजाचे नाव ठेवलेले दिसते.